इंग्रजीतला ‘लेट’ नीट कसा लिहावा: अर्ज, मेल आणि पुण्यतिथीच्या कार्डासाठी पायऱ्या

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं, म्हणजे टायपिंग आणि छपाईचं, दुकान आहे. रजेचे अर्ज, ऑफिसचे मेल, लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, सगळं इथे टाइप होतं. अवघड इंग्रजी शब्दाला माणूस घाबरतो, चार जणांना विचारतो आणि शेवटी बरोबर लिहितो. फसतो तो ‘लेट’मध्ये. हा शब्द आपण मराठीत दिवसातून दहादा बोलतो, त्यामुळे तो विचारून लिहायचा शब्द आहे असं कोणाला वाटतच नाही. पण मराठीतला ‘लेट’ एकच काम करतो, उशीर सांगतो. इंग्रजीतल्या ‘लेट’ला आणखी कामं आहेत आणि त्यातलं एक माणूस गेल्याचं सांगण्याचं आहे.

एकदा एक गृहस्थ आईच्या पुण्यतिथीचा मजकूर स्वतः लिहून घेऊन आले. पहिलीच ओळ होती, ‘अवर मदर इज लेट.’ त्याखाली जेवणाची वेळ. वाचणाऱ्यानं काय समजायचं? आईंना यायला उशीर आहे, तोवर तुम्ही जेवून घ्या.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच घ्या. इंग्रजी वाक्यंही देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्यानं वाचा, चूक डोळ्यांआधी कानाला कळते.

पूर्वतयारी: मराठी मजकुरातून ‘लेट’ काढून टाका

इंग्रजी लिहायला बसण्याआधी तुमचं वाक्य मराठीत कागदावर लिहा. अट एकच, त्यात ‘लेट’ येऊ द्यायचा नाही. त्याच्या जागी यापैकी काहीतरी बसेल: उशीर, अखेरीस, दिवंगत किंवा अलीकडे.

‘उशीर’ आला तर पायरी एक ते तीन तुमच्यासाठी. ‘अखेरीस’ आला, म्हणजे महिन्याच्या किंवा दशकाच्या शेवटच्या भागाबद्दल लिहायचं असेल, तर पायरी चार. ‘दिवंगत’ला पायरी पाच. आणि ‘अलीकडे’ आला तर तुम्हाला ‘लेट’ नकोच आहे, त्याचा भाऊ हवा आहे. तो पायरी सहामध्ये भेटेल.

तपासा: दोन शब्द बसतायत असं वाटलं तर तुमचं मराठी वाक्यच अर्धवट आहे. आधी ते पूर्ण करा.

पायरी १: शब्दाची जागा ठरवा

नामाच्या आधी की क्रियापदानंतर, एवढंच ठरवायचं आहे, पण बहुतेक अपघात इथेच होतात.

माणसाच्या नावाआधी किंवा नात्याआधी ‘लेट’ ठेवला की तो माणूस हयात नाही. ‘माय लेट ग्रँडफादर’ म्हणजे माझे दिवंगत आजोबा. ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर ठेवला की उशीर. ‘माय ग्रँडफादर इज लेट’ म्हणजे आजोबा अजून पोचले नाहीत. शब्द तेच, जागा बदलली आणि आजोबा परत आले.

वस्तूंच्या बाबतीत ही भीती नाही. ‘लेट पेमेंट’, ‘लेट फी’, ‘लेट ट्रेन’ लिहा बिनधास्त, तिथे उशीरच समजला जातो. शिकवणीच्या दारावर ‘लेट स्टुडंट्स विल नॉट बी अलाउड’ अशी पाटी असते. संदर्भामुळे तिचा अर्थ कळतो, कोणी त्यासाठी भांडणार नाही. तरी छापायला माझ्याकडे आली तर मी ‘लेटकमर्स’ करून देतो. तो एकच जोडून लिहिलेला शब्द आहे, मध्ये जागा सोडायची नाही.

पायरी २: उशिराला योग्य क्रियापद द्या

मराठीत आपण लेट ‘करतो’, लेट ‘होतो’, आपल्याला लेट ‘होतं’. इंग्रजीत ‘लेट’ला क्रियापद म्हणून वापरता येत नाही, त्याला ‘बी’चा आधार लागतो. त्यामुळे ‘लेट करू नको’चं ‘डोन्ट लेट’ होत नाही, ‘डोन्ट बी लेट’ होतं. ‘तुझ्यामुळे मला लेट झालं’ याला ‘यू मेड मी लेट’ हे नेटकं वाक्य आहे, पण ते फारसं कोणाला सुचत नाही. काउंटरवर मी हजार वेळा ऐकलं असेल, ‘बिकॉज ऑफ यू माय लेट हॅपन्ड.’

आता खास आपल्या नागपूरची अडचण. इथे कोणतीही चालू क्रिया ‘राहिलं’वर जाते. ‘काका, मले लेट होऊन राहिलं, पटकन काढून द्या नं!’ हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की इंग्रजीत आपोआप ‘आय ॲम गेटिंग लेट’ येतं. भारतात हे सर्रास चालतं, समोरच्याला समजतंही. पण भारताबाहेरच्या माणसाला, किंवा भाषेची परीक्षा घेणाऱ्याला, ते खटकतं. त्यात दोन वेगळे अर्थ मिसळलेले असतात, ते सोडवून घ्या.

मी ठरलेल्या वेळेच्या मागे पडतोय असं सांगायचं असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’. अजून उशीर झालेला नाही, पण होणार हे दिसतंय, तर ‘आय ॲम गोइंग टू बी लेट’. आणि रात्र होत आली, आता निघायला हवं, असं म्हणायचं असेल तर ‘इट इज गेटिंग लेट’. ‘गेटिंग’ चालतं ते ‘इट’बरोबर, कारण पुढे सरकते ती वेळ.

माफीचं वाक्यही इथेच दुरुस्त करून घ्या. ‘सॉरी फॉर लेट’ अपुरं आहे, ‘फॉर’नंतर नाम हवं. ‘सॉरी आय ॲम लेट’ म्हणा किंवा ‘सॉरी फॉर बीइंग लेट’. मेलमध्ये ‘सॉरी फॉर द लेट रिप्लाय’, आणि त्यातला ‘द’ खाऊ नका.

सावधान: ‘आय स्लेप्ट लेट’ लिहून रात्री उशिरा झोपल्याचं कळवता येत नाही. त्याचा रूढ अर्थ सकाळी उशिरापर्यंत झोपलो असा आहे. अभ्यासासाठी जागलेल्या मुलानं सरांना हे लिहिलं तर कष्टाचा आळस झाला. ‘आय स्टेड अप लेट’ किंवा ‘आय वेंट टू बेड लेट’ लिहा.

पायरी ३: किती उशीर, कशाला उशीर

आकडा ‘लेट’च्या आधी येतो: ‘टेन मिनिट्स लेट’. रेल्वेच्या फलाटावर ‘रनिंग लेट बाय’ ऐकू येतं, तेही बरोबर आहे. ‘बाय’ घेतला की आकडा मागे जातो, ‘लेट बाय टेन मिनिट्स’. ‘लेट ऑफ टेन मिनिट्स’ मात्र कुठेच नाही.

कशाला उशीर हे सांगताना ‘लेट’ला पुढे जोडणारा छोटा शब्द चुकतो. कार्यक्रमाला किंवा जागेवर पोचायला उशीर झाला तर ‘फॉर’: ‘लेट फॉर द मीटिंग’. काही द्यायचं राहिलं, भाडं, हप्ता, गृहपाठ, तर ‘विथ’: ‘लेट विथ द रेंट’. एखादी क्रिया करायला उशीर झाला तर ‘इन’ आणि क्रियापदाचं ‘इंग’ रूप: ‘लेट इन सबमिटिंग द फॉर्म’. तिन्ही एकदा घोकून ठेवा, यात तर्क शोधत बसू नका.

आता ‘खूप’. मराठीत ‘खूप लेट झालं’ म्हटलं तरी काम होण्याची आशा असते. इंग्रजीत ‘व्हेरी लेट’ म्हटलं तर आशा शिल्लक आहे, ‘टू लेट’ म्हटलं तर संपली. ‘द पेमेंट वॉज व्हेरी लेट’ म्हणजे पैसे उशिरा आले पण आले. ‘इट वॉज टू लेट टू अप्लाय’ म्हणजे मुदत गेली, अर्ज करून उपयोगच नव्हता. एका ताईंनी मुदतवाढ मागणाऱ्या पत्रात ‘आय नो इट इज टू लेट’ लिहिलं होतं. म्हणजे मागणी आणि तिचा नकार, दोन्ही त्यांनीच लिहून दिले होते.

तपासा: वाक्यात ‘टू लेट’ असेल तर मराठीत ‘आता वेळ निघून गेली’ असं म्हणून बघा. ते पटत नसेल तर ‘व्हेरी’ करा.

पायरी ४: काळाचा शेवटचा भाग

इथे उशिराचा काही संबंध नाही. ‘लेट मे’ म्हणजे मे महिन्याचे शेवटचे दिवस, आपल्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो ते. ‘इन लेट मे’, मध्ये ‘द’ नाही. दशक असेल तर ‘द’ येतो: नागपूर मेट्रो २०१९ मध्ये धावू लागली, ते वर्ष ‘इन द लेट २०१०ज’मध्ये बसतं. आकड्यानंतर जो ‘एस’ येतो त्याच्याआधी वरचा स्वल्पविराम देऊ नका.

‘लेट’ किती मागे ओढायचा, याचं भान ठेवा. दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६. म्हणून कोणी ‘लेट ऑक्टोबर’ लिहिलं तर चूक, १४ तारीख महिन्याच्या मध्यावर येते, तिला ‘मिड’. १९५६ हे वर्षही ‘मिड’मध्येच जातं. साधारण शेवटच्या तिसऱ्या हिश्शाला ‘लेट’ म्हणायचं. वयाचंही तसंच. स्थळाच्या बायोडेटावर ‘इन हिज लेट ट्वेंटीज’ लिहिलं की मुलगा सत्तावीस ते एकोणतीस. पंचवीसचा असेल तर विनाकारण वय वाढवू नका.

रात्रीबद्दल लिहिताना ‘ॲट लेट नाइट’ नको, ‘लेट ॲट नाइट’. आणि काल रात्री उशिरा म्हणजे ‘लेट लास्ट नाइट’.

पायरी ५: दिवंगत

या पायरीवर घाई करू नका. इथली चूक छापली जाते, वाटली जाते, आणि नातेवाईक ती वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पहिली गोष्ट, ‘लेट’चं संक्षिप्त रूप करायचं नाही. मराठीत कै., स्व. लिहायची सवय असल्यानं लोक ‘एल’, ‘टी’ आणि टिंब असं लिहितात. ते रूप लेफ्टनंटचं आहे. दुकानाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः अशी अडीचशे कार्डं छापली. गिऱ्हाइकाच्या पाहुण्यांत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी फोन करून आदरानं विचारलं, ‘आजोबा कोणत्या रेजिमेंटला होते?’ आजोबांचं इतवारीत किराणा दुकान होतं. कार्डं माझ्या खर्चानं पुन्हा छापली. तेव्हापासून ‘लेट’ची चारही अक्षरं लिहितो आणि पुढे टिंब देत नाही.

दुसरी गोष्ट ‘द’ची. पूर्ण वाक्यात नावाआधी ‘द लेट’ हवं. ‘माय’, ‘अवर’, ‘हिज’ असले की ‘द’ गळतो: ‘माय लेट फादर’. कार्डाच्या शीर्षकात किंवा फोटोखाली आपल्याकडे नुसतं ‘लेट श्री’ लिहितात. ते रूढ झालंय, मी तिथे हात लावत नाही. पत्राच्या मजकुरात मात्र लावतो.

मराठी मजकुरात कोणता शब्द हवा हे घराघरावर ठरतं: कोणी कै. लिहितं, कोणी स्व., बौद्ध घरांत कालकथित किंवा स्मृतिशेष, मुस्लिम घरांत मरहूम. हे विचारूनच लिहावं, आपल्या अंदाजानं नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘लेट’ पुरतो, तिथे तेवढी सोय आहे.

जोडप्याची गडबड वेगळीच. वडील गेलेत, आई आहे, आणि निमंत्रणावर छापलंय ‘लेट मिस्टर अँड मिसेस’. इंग्रजी वाचणारा ‘लेट’ दोघांनाही लावतो, आणि आई समोर खुर्चीत बसून पत्रिका वाचत असते. दोन नावं तोडा. आधी आईचं नाव पूर्ण लिहा, मग ‘वाइफ ऑफ द लेट’ आणि वडिलांचं नाव. ‘विडो ऑफ द लेट’ पेन्शनच्या अर्जांवर नेहमी दिसतं. चूक म्हणता येणार नाही, पण ‘विडो’नंच पती हयात नसल्याचं सांगितलेलं असतं, ‘लेट’ तिथे जास्तीचा.

सावधान: ‘माजी’साठी ‘लेट’ वापरू नका. सोसायटीच्या माजी सचिवांना ‘अवर लेट सेक्रेटरी’ लिहिलेली नोटीस माझ्याकडे आली होती. सचिव दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातात. माजीला ‘फॉर्मर’.

किती जुन्या माणसाला ‘लेट’ लावायचा? ज्यांना ओळखणारे किंवा आठवणारे लोक अजून आहेत, त्यांना. इतिहासातल्या व्यक्तींना लावत नाहीत. अठराव्या शतकातल्या रघुजी राजे भोसल्यांना ‘द लेट’ लिहिलं तर ते गेल्या दिवाळीपर्यंत महालात होते असं वाटेल.

ऑनलाइन फॉर्मसाठी एक सूचना. वडिलांच्या नावाच्या रकान्यात वेगळं काही मागितलं नसेल तर फक्त नाव टाका, कागदपत्रांवर आहे तसंच. ‘लेट’ जोडला तर संगणकासाठी तो नावाचाच भाग होतो आणि पुढे नाव जुळत नाही म्हणून खेटे घालावे लागतात. अशी दुरुस्ती करायला येणारे दर महिन्याला दोन-तीन जण असतातच.

तपासा: ‘लेट’नंतर लगेच ज्या व्यक्तीचं नाव येतंय, ती खरंच हयात नाही ना? हा प्रश्न घरातल्या मोठ्या माणसाला विचारून मगच प्रूफवर सही करा.

पायरी ६: सारखी दिसणारी भावंडं

‘लेटली’ म्हणजे अलीकडे. उशिरा नव्हे. ‘ही केम लेटली’ लिहून उशिरा आल्याचं सांगता येत नाही. ‘लेट’ हा जसाच्या तसा क्रियाविशेषणाचंही काम करतो, ‘ही केम लेट’. शेवटी ‘ली’ लावला की क्रियाविशेषण तयार होतं, हा शाळेतला नियम इथे फसवतो.

‘लेटर’मध्ये एक ‘टी’ असला तर नंतर, दोन असले तर दोघांपैकी दुसरा. एक ‘टी’चा ‘लेटर’ आणि दोन ‘टी’चा ‘लॅटर’, उच्चारही वेगळे आहेत. दोन्ही शब्द खरे असल्यानं संगणक दर वेळी खाली लाल रेघ ओढेलच असं नाही. ती नजर तुम्हालाच ठेवावी लागेल.

‘लेटेस्ट’ म्हणजे सगळ्यात नवा आणि ‘लास्ट’ म्हणजे शेवटचा. लेखकाचं ‘लेटेस्ट बुक’ म्हटलं की तो पुढेही लिहील अशी वाट मोकळी राहते. ‘लास्ट’ म्हटलं की वाट बंद झाल्यासारखी वाटते. ‘लास्टेस्ट’ नावाचा शब्दच नाही. ऑफिसच्या परिपत्रकात मुदत कळवताना ‘लेटेस्ट बाय फ्रायडे’ लिहितात. तेही आपल्याकडचंच. बाहेर जाणाऱ्या पत्रात ‘बाय फ्रायडे ॲट द लेटेस्ट’ करा.

पायरी ७: पूर्ण मेलवर हात फिरवा

वर्ध्याहून अपडाउन करणाऱ्या एका मुलानं आणलेला मेल असा होता: ‘सर, येस्टर्डे आय केम लेटली. ट्रेन वॉज लेट ऑफ वन अवर अँड माय लेट हॅपन्ड. माय फादर इज लेट सो आय हॅव टू ड्रॉप माय सिस्टर. सॉरी फॉर लेट.’

तिसरं वाक्य वाचून मी थांबलो आणि त्याला विचारलं. वडील गेले होते, दोन वर्षं झाली. त्याला तेच सांगायचं होतं, घरची जबाबदारी त्याच्यावर आहे म्हणून. मेल वाचणाऱ्या साहेबाला मात्र वडील रोज उशिरा उठतात असं वाटलं असतं.

दुरुस्त केलेला मेल: ‘सर, आय वॉज लेट फॉर वर्क येस्टर्डे बिकॉज द ट्रेन वॉज ॲन अवर लेट. माय फादर इज नो मोअर, सो आय ऑल्सो ड्रॉप माय सिस्टर ॲट कॉलेज. आय ॲम सॉरी फॉर बीइंग लेट.’ वडिलांच्या वाक्यात ‘लेट’ ठेवलाच नाही. ‘माय लेट फादर’ म्हणायला त्या वाक्यात वडिलांनी काहीतरी केलेलं असायला हवं होतं, ‘माय लेट फादर वर्क्ड इन द रेल्वेज’ असं. नुसतं गेल्याचं सांगायचं असेल तर ‘पास्ड अवे’ किंवा ‘इज नो मोअर’. दुसरा प्रयोग जास्त करून आपल्याकडचा आहे, पण अशा मेलमध्ये ओळखीचा आणि सौम्य वाटतो, म्हणून तो ठेवला.

तुमच्या मजकुरात कंट्रोल आणि एफ दाबून ‘लेट’ शोधा. जेवढ्या ठिकाणी सापडेल तेवढ्या ठिकाणी पूर्वतयारीतल्या चारपैकी कोणता शब्द बसतो ते मराठीत म्हणा. त्यानंतर ‘एल’, ‘टी’ आणि टिंब हे वेगळं शोधा, कारण पहिल्या शोधात ते सापडणार नाही.

संगमरवरी पाटी कोरायला देणार असाल तर हा शोध कागदावर बोट ठेवून करा. कागद पुन्हा छापता येतो. दगडावरचं टिंब बुजवायला कारागीर वेगळे पैसे घेतो आणि बुजवलेली जागा उन्हात पिवळी दिसते.